कोल्हापुरात पेठेतलं जुनं घर घेतलंय, सोबत आई-वडील आणि लहान मुलगी. न दिसणारे धोके कोणते, काय तपासून घ्यावं?

ओल, गळती, जुनं वायरिंग हे बाकीचे सांगतीलच. तुम्ही आधी बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का बघा. असेल तर राहायला जायच्या आधी बाहेर काढा. यात मधला मार्ग नाही.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात बाथरूम जिन्याखाली. एकच झरोका, त्यातही वारं येतंय म्हणून दादानं, म्हणजे थोरल्या चुलतभावानं, वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा कोंबलेला. मी काढायचो, तो परत कोंबायचा. गिझरच्या वर टाइलवर काजळी धरलेली, ज्योत निळी सोडून पिवळी झालेली. पौषातल्या एका सकाळी सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर वहिनी न्हायला गेल्या. पाणी नुसतंच वाहतंय, हाक मारली तर ओ नाही. आतून कडी. पुतण्यानं पहारीनं दार उचकटलं. वहिनी भिंतीला कलंडलेल्या, डोळे अर्धवट उघडे. उचलून अंगणात आणल्यावर वाऱ्यानं जरा हालचाल झाली. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गिझर गॅसचा आहे काय?"

वहिनी वाचल्या. दादाचं मात्र अजून तेच: संकष्टीचा उपवास होता, बीपी लो झालं. सकाळी सातला कुणाला उपवास लागतो? आणि पुरावा काय, तर बोटाला ऑक्सिमीटर लावला तेव्हा ९८ दाखवत होता. दादा हे वाचेल, म्हणून नीट लिहितो. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. बोटाच्या साध्या ऑक्सिमीटरला हा धरलेला विषारी वायू आणि ऑक्सिजन यातला फरक कळत नाही, म्हणून माणूस बेशुद्ध असला तरी आकडा चांगलाच दिसतो. खरं कळायचं तर दवाखान्यात रक्तच तपासावं लागतं.

"वास कुठं आला?" हाही त्याचाच प्रश्न. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो. जळून तयार होणाऱ्या या वायूला ना वास, ना रंग. आजीचा तांब्याचा बंब परसात असायचा. न्हाणीघरात जाळ करायचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. जाळ पांढऱ्या डब्यात गेला आणि आम्ही तो आत आणला.

एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं सांगणारा प्लंबर भेटेल. ताजी हवा आत यायला वाटच नसेल तर फॅन ओढणार काय?

आता तुमचं बाकीचं. एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की पडणारा स्विच, वायर वाचवतो. माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लागतो. अर्थिंगही वायरमनकडून मोजून घ्या. घर पंचगंगेच्या बाजूला असेल तर शेजाऱ्यांना २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची खूण विचारा आणि मीटर-बोर्ड त्याच्या वर घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं.

मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येक चक्कर गॅसचीच असते असंही नाही. पण अंघोळीनंतर डोकं दुखणं, मळमळणं असं घरात दोघा-तिघांना होत असेल तर गिझर बंद करा, दारं उघडा, दवाखाना गाठा आणि गिझरचं आपण होऊन सांगा. गिझर परसात किंवा मागच्या गॅलरीत उघड्यावर नेला की पाइप लांबतो, पहिली बादलीभर पाणी गारच येतं. आमच्याकडे वहिनींनी तो शेवटी स्वतः उभं राहून बाहेर बसवून घेतला. ती गार बादली झाडांना घालतात.