सहा वर्षांच्या मुलीला नाणी मोजता येतात, पण सुट्टे करायला सांगितलं की गोंधळते, काय करू?

गोंधळणारच की हो, तिच्या डोळ्यासमोर रुपयाची पाच नाणी जास्त दिसतात आणि पाचचं एकच नाणं कमी, आधी हा समजच मोडायला हवा. त्यासाठी फासा घ्या, जेवढं दान पडेल तेवढे रुपये तिनं उचलायचे, पाच साठले की ते तुमच्याकडे देऊन पाचचं नाणं घ्यायचं, दोन पाच झाले की दहाचं. अदलाबदल तिच्याच हातानं होऊ द्या, मध्ये बोलू नका. दोनचं नाणं सुरुवातीला बाजूलाच ठेवा, दोन-दोन आणि वर एक हे लहान मुलांना जड जातं, त्यात जुनं स्टीलचं दोनचं नाणं पिवळ्या पाचपेक्षा मोठं, म्हणजे आकार बघून किंमत ओळखायला गेली की फसली. आकडा वाचायची सवय लावा, वीसचं ओळखायला सोपं, बारा कडांचं आहे.

मग सुट्टे परत देणं. वजाबाकी अजिबात नको, पुढं मोजत जायचं. कोथिंबिरीची जुडी सात रुपयाला, तिनं दहा दिले, तर तुम्ही सात म्हणून एकेक रुपया तिच्या हातावर ठेवत आठ, नऊ, दहा. आपल्या बेळगावच्या खडेबाजारात कितीतरी दुकानदार असंच परत देतात, कन्नडमध्ये मोजतात एवढंच, एंटु, ओंबत्तु, हत्तु, पोरं तेही आपोआप उचलतात.

खरीच नाणी वापरा, प्लास्टिकची नकोत. फक्त घरात अजून लहान बाळ असेल तर खेळ झाल्यावर मोजून डब्यात टाका, तोंडात घालतात.