‘कॉलेज कुठलं?’ या प्रश्नाची धास्ती

नोकरीला लागून तीन-चार वर्षं झालेली मुलं-मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुधा दुसऱ्याच तक्रारी घेऊन. झोप लागत नाही, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, स्थळं बघायचा कंटाळा आलाय. थोडी ओळख झाली की हळूच एक वाक्य येतं, "आमचं कॉलेज गावाकडचं होतं हो." कुणी ते हसत सांगतं, कुणी वडिलांवर चिडून. एकीने विवाहमंडळाच्या फॉर्मात पदवी, टक्केवारी, पगार सगळं भरलं होतं आणि कॉलेजची ओळ तेवढी कोरी सोडली होती. हे इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा नीट लिहावं असं वाटलं.

ज्याची गोष्ट सांगतेय त्याला प्रवीण म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, जतच्या बाजूचा. घरात कानडी, शाळेत मराठी, आता ऑफिसात इंग्रजी. गावापासून एसटीने तासाभरावरच्या कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्री, मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी., आणि आता हिंजवडीतल्या एका औषधनिर्मिती प्रयोगशाळेत नोकरी. काम चोख. पण जेवणाच्या टेबलावर कॉलेजच्या गप्पा निघाल्या की हा डबा अर्धवट टाकून उठायचा. कुणी थेट विचारलंच, तर "कोल्हापूर" म्हणून मोकळा व्हायचा.

माझ्याकडे येण्याचं कारण मात्र वेगळं घडलं होतं. कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थेची, समिती येणार होती. अशा वेळी माजी विद्यार्थी लागतात, समिती त्यांनाही भेटते. कॉलेजने मेळावा ठरवला आणि मनोगतासाठी याचं नाव काढलं. जुन्या सरांचे फोन येऊ लागले, हा उचलेना. व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट केला. मग रात्री छातीत धडधडायला लागलं, ईसीजी काढून झाला, काही निघालं नाही.

"मला अरे-तुरे करा मॅडम, नाहीतर बोलताच येत नाही," हे त्याचं पहिलं म्हणणं. मी तयार झाले.

सुरुवातीच्या भेटी सगळ्या गाऱ्हाण्यांच्या. कॉलेजात प्लेसमेंट हा शब्दच नव्हता. ग्रंथालयात पुस्तकं कपाटात, किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. आयआयटीसारख्या संस्थांत एम.एस्सी.ला प्रवेश मिळवायला ‘जॅम’ नावाची परीक्षा असते, हे त्याला एम.एस्सी. करताना कळलं. कायम प्राध्यापक मोजके, बाकी सगळे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणारे. "फर्ग्युसन, रुईयातल्या पोरांना जे पहिल्या वर्षी माहीत असतं, ते मला पंचविसाव्या वर्षी कळलं. आता सांगा, मी त्यांच्या बरोबरीचा कसा?"

इथे घरचे, मित्र, कधी समुपदेशकसुद्धा, एक ठरलेलं औषध देतात. ‘कॉलेजवर काही नसतं रे, जिद्द पाहिजे.’ मग खेड्यातून वर आलेल्या मोठ्या माणसांची यादी. मी हे औषध देत नाही. कॉलेजवर बरंच काही असतं. माहिती असते, ओळखी असतात, चुकलं तर सावरून घेणारे वरच्या वर्गातले असतात. जे मिळालं नाही ते मिळालं नाही. ‘तसं काही नसतं’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, यांना माझं कळलेलंच नाही. प्रवीणची गाऱ्हाणी मी वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली. त्यातली कुठली आज भरून काढता येईल आणि कुठली नाही, एवढीच खूण त्याच्याकडून करून घेतली. इंग्रजी बोलणं, भरून काढता येईल. मुलाखतीचा सराव, येईल. गेलेली ‘जॅम’, नाही.

खरी गाठ नंतर सुटली, ती त्याच्या रागामुळे.

एके दिवशी तो पुन्हा कॉलेजवर घसरला होता. मी शांतपणे म्हटलं, "म्हणजे एकूण टाकाऊच कॉलेज. बंद पडलं असतं तरी काही बिघडलं नसतं."

तो एकदम ताठ झाला. "असं नाही मॅडम."

"तूच तर सांगतोयस."

"मी सांगतो ते वेगळं. तुम्ही कसं म्हणता?"

मी गप्प राहिले. गप्प राहणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि ते मी मेहनतीने कमावलंय. तो उठून पाणी प्यायला, बसला आणि बोलत सुटला. तासिका तत्त्वावरच्या एका सरांबद्दल. घरची द्राक्षबाग, पगार महिनोन् महिने थकलेला, सुट्टीत तर नाहीच. तरी सकाळी सातला मोटारसायकलवरून येऊन लॅब उघडायचे. त्या वर्षी दुष्काळ होता, कॉलेजला टँकर. डिस्टिल्ड वॉटर करायच्या यंत्राला थंड पाण्याची धार सतत चालू लागते, ती परवडेना. मग सर एसटी स्टँडजवळच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या पाण्याचे कॅन आणायचे. "आणि म्हणायचे, पोरांनो, पाणी बॅटरीचं आहे, आधी ब्लँक काढा."

मला केमिस्ट्री येत नाही. ब्लँक म्हणजे काय, मी विचारलं. त्याने समजावलं, जो पदार्थ तपासायचा तो न घालता बाकी सगळं तसंच करायचं. नुसत्या पाण्याचा आणि रसायनांचा जो आकडा येतो तो शेवटी वजा करायचा. "आमच्यात चौघांत एक ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची नळी. तिची तोटी गळायची, तिला व्हॅसलीन लावायचं. पण ब्लँक प्रत्येकाने स्वतः काढायचा. नाही काढला तर सर जर्नल फेकायचे."

(इथे ‘मग तू स्वतःचा ब्लँक कधी काढणार?’ असं टाळीचं वाक्य टाकायचा मोह मलाही झाला. आवरला. अशी वाक्यं समुपदेशकाला आवडतात, समोरच्याच्या उपयोगी फारशी पडत नाहीत.)

मी एवढंच विचारलं, "फोन कुणाचे येतायत?"

"त्या सरांचेच," असं म्हणून तो रडला.

इतकी वर्षं या तक्रारीला सगळे न्यूनगंड म्हणतात. वरून दिसतोही तोच. पण मला वारंवार असं दिसलंय की कमीपणाची टोचणी माणूस बऱ्यापैकी सहन करतो. झोप उडवतो तो अपराधीपणा. टेबलावर "कोल्हापूर" म्हणताना प्रवीण दरवेळी कॉलेजसोबत त्या सरांनाही नाकारत होता, मुक्कामी एसटीतल्या मित्रांना नाकारत होता, आणि हे त्याला आतून पक्कं ठाऊक होतं. कॉलेज लहान असल्याचा त्रास पाच मिनिटांचा. लपवण्याचा चोवीस तास. म्हणून ‘तू कुणापेक्षा कमी नाहीस’ असं कितीही ऐकवलं तरी या मुलांना बरं वाटत नाही, कारण दुखतंय दुसरीकडेच.

लपवालपवीवर मला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची वाट पटते. ज्याची लाज वाटते तेच, कुणाला इजा न होईल अशा बेताने, चारचौघांत करून बघायचं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत येणाऱ्या स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारा, असा गृहपाठ ते लोकांना देत. प्रवीणचा गृहपाठ सोपा होता. कुणी विचारलं की कॉलेजचं पूर्ण नाव, गाव आणि तालुका सांगायचा. पुढे ‘पण एम.एस्सी. विद्यापीठातून केलं’ हे शेपूट जोडायचं नाही. आवाज खाली आणायचा नाही.

पुढच्या वेळी आला तो हसतच. टेबलावर सांगून टाकलं होतं. दोन क्षण शांतता, मग मुंबईचा एक सहकारी म्हणाला, "जत? तिकडची डाळिंबं चांगली असतात ना?" आणि बोलणं डाळिंबांच्या भावावर गेलं. ज्या क्षणाला तो तीन वर्षं घाबरत होता, तो एवढाच निघाला.

नेहमीच असं होईल याची हमी मी देत नाही. नाक मुरडणारे असतात, मुलाखतीत कॉलेजचं नाव वाचून अर्ज बाजूला ठेवणारेही असतात. तो त्यांचा भेदभाव, त्याला भेदभावच म्हणायचं. तो आपल्या लायकीचा दाखला समजून खिशात घालून हिंडायचं नाही.

वडिलांवर चिडणाऱ्यांना मी थोडा इतिहास सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1947 मध्ये साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’वर चालणारं कॉलेज काढलं. त्यानंतर तालुक्या-तालुक्यांत कॉलेजं निघाली ती कुठे मूठमूठ धान्य गोळा करून, कुठे उसाच्या बिलातून टनामागे रक्कम कापून. शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात यायला 1962 उजाडलं. म्हणजे तुमच्या आजोबांच्या पिढीला जवळ कॉलेजच नव्हतं आणि तुमच्या वडिलांनी जवळ होतं त्यात घातलं. मुलींच्या बाबतीत तर सरळच बोलते. फॉर्मात ओळ कोरी सोडणाऱ्या त्या मुलीला मी विचारलं, "ते कॉलेज नसतं तर पुण्याला पाठवलं असतं का?" ती म्हणाली, "नाही, बारावीनंतर लग्न लावलं असतं." एसटी संध्याकाळी सहाला घरी पोचते, एवढ्या एका गोष्टीवर अनेकींची पदवी उभी आहे.

आणि ज्यांना कॉलेजात नुसता अपमानच मिळाला, जातीवरून टोमणे ऐकावे लागले, फी भरून तासच झाले नाहीत, त्यांनी ओढून-ताणून कृतज्ञ व्हायचं काही कारण नाही. मेळाव्याचं आमंत्रण नाकारायचा हक्क त्यांना आहे. फक्त नकार स्पष्ट कळवावा, फोन न उचलण्यात रात्री फुकट जातात.

प्रवीण मेळाव्याला गेला. ‘खेड्यातूनही यशस्वी होता येतं’ छापाचं भाषण करायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. त्याने मुलांना ‘जॅम’चा फॉर्म साधारण कधी निघतो, पुण्यात खोलीचं भाडं किती, पहिला पगार हातात किती येतो आणि इंग्रजी येत नसताना पहिले सहा महिने कसे काढले, ते सांगितलं. मुलांनी नंबर मागितला, त्याने फळ्यावर लिहिला. आता रविवारी त्याला इतके फोन येतात की त्याचीच तक्रार घेऊन तो परवा आला होता. इंग्रजीचा क्लास लावलाय, धडधड थांबलीय, राग मात्र आहे. ते सर अजून तासिका तत्त्वावरच शिकवतायत.

"याचं काय करायचं मॅडम?"

मी म्हटलं, हा राग योग्य जागी आहे, तो मी कमी करणार नाही. प्राध्यापक भरतीसाठी निवेदनं देणाऱ्या संघटना आहेत, माजी विद्यार्थ्यांच्या सह्यांना तिथे किंमत असते. तो सह्या गोळा करायला लागलाय.