रिपोर्ट परत लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. रात्रीच्या एक्सरसाइजमध्ये तुझी प्लाटून वाट चुकली, त्याची तू चार कारणं दिलीस: धुकं, जुना नकाशा, बंद पडलेला रेडिओ, नवखा नाईक. चारही खरी असतील. तरी ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिमचं सांगतो, ऐक.

हा काही सरदाराचा पोरगा नव्हे. बर्मिंगहॅममध्ये शाळामास्तरकी केली, मग धातूच्या नळ्या करणाऱ्या कंपनीत कारकुनी. 1914 मध्ये युद्ध पेटलं म्हणून अफसर झाला, एरवी कोण घेतंय! गॅलिपोलीत जखमी, मेसोपोटेमियात पुन्हा जखमी, मग गुरखा पलटण. पगाराला जोड म्हणून टोपणनावानं कथाही लिहायचा.

नोव्हेंबर 1940. सुदानच्या सीमेवरचं गल्लाबात ठाणं त्याच्या 10व्या ब्रिगेडनं इटालियनांकडून घेतलं. पण रणगाड्यांचे पट्टे दगडांत नि सुरुंगांवर तुटले, इटालियन विमानं झोडपू लागली, एका गोऱ्या पलटणीतले लोक घाबरून मागे धावले. सीमेपलीकडच्या मेटेम्मा या इटालियन ठाण्यावर चाल करायची की मागे फिरायचं? तो मागे फिरला. पुढे त्यानंच लिहून ठेवलं: सबबी भरपूर सापडल्या, कारण मात्र एकच, मी स्वतः. भीतीचा सल्ला ऐकला.

तीन वर्षांनी हाच माणूस ब्रह्मदेशाच्या आघाडीवर 14व्या आर्मीचा प्रमुख झाला. (आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन मार्च 1944 मध्ये मणिपुरात संगशाकला झुंजली, ती याच आर्मीत.) तेव्हा एका जखमीमागे 120 आजारी मागे पाठवावे लागत. हिवतापावर मेपाक्रिनची गोळी होती, पण ती घेतली की पुरुषत्व जातं अशी अफवा, म्हणून जवान टाळायचे. स्लिम अचानक अख्ख्या पलटणीची तपासणी लावायचा. गोळी घेतलेले 95 टक्क्यांहून कमी निघाले, तर घरी जायचा तो कमांडिंग ऑफिसर. जवान नव्हे. तिघांनाच काढावं लागलं. आणि पुढच्या तुकड्या अर्ध्या रेशनवर गेल्या की त्याच्या हेडक्वार्टरची मेससुद्धा अर्ध्या रेशनवर.

आता तुझ्याकडे येतो. अंधारात चालताना पावलं मोजायला एक माणूस लावतात. तू लावला होतास का? चार पानी पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. सुभेदार साहेबांना विचारलं होतंस का? तेही नाही.

रिपोर्ट परत लिही. नाईकाचं नाव त्यातून काढ. मग मला पाठव, आणि आईला फोन कर, तिचे दोन फोन येऊन गेले.

तुझा,
काका