मॉड घातले आणि गेम उडाला: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे प्रश्न

पाऊस लागला की घरात बसणं वाढतं आणि हे प्रश्न पण वाढतात. या वेळी स्कायरिम या गेमवाले जास्त आहेत, एक माइनक्राफ्टचा आहे, आणि एक असा आहे की त्यात मॉडचा, म्हणजे गेममध्ये वरून घातलेल्या फायलींचा, काही संबंधच नाही. सगळ्यांना आधी एकच सांगतो, गेम क्रॅश झाला म्हणून लगेच सगळं उडवून परत डाउनलोडला लावू नका, गावातल्या नेटवर ते उतरायला रात्र जाते आणि प्रॉब्लेम तिथंच राहतो. क्रॅश नेमका कधी झाला ते आधी लिहून काढा, म्हणजे लोगोच्या आधी, सेव्ह लोड होताना, की खेळता खेळता. अर्धं उत्तर त्यातच असतं.

दादा, माझं स्कायरिम स्पेशल एडिशन कालपर्यंत झकास चालायचं, 180 मॉड आहेत. आज उघडलं तर मेन्यूपण येईना, सरळ बंद पडालंय. मी कायबी बदललेलं नाही. कुठला मॉड खराब झाला असंल? (निपाणी)

मॉड कुठलाच खराब झालेला नाही. तू काही बदललं नाहीस, पण स्टीमनं रात्रीत गेम अपडेट केला असणार. स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे आपण एसकेएसई म्हणतो ते मॉडना जास्तीची ताकद देणारं टूल, गेमच्या एका ठराविक व्हर्जनसाठीच बनवलेलं असतं. 1.5.97 ला 2.0.20 लागतं, 1.6.640 ला 2.2.3, आणि 1.6.1170 ला 2.2.6. गेम पुढं सरकला आणि हे मागं राहिलं की त्याच्यावर उभे असलेले सगळे डीएलएल मॉड (गेमच्या कोडमध्ये शिरणारे) एकदम झोपतात. डिसेंबर 2023 मध्ये 1.6.1130 आला तेव्हा हजारो लोकांचं हेच झालं होतं.

आता बघ, गेमच्या फोल्डरात स्कायरिमएसई डॉट ईएक्सईवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये व्हर्जन बघ. मग त्याच व्हर्जनचं एसकेएसई आणि ॲड्रेस लायब्ररी (डीएलएल मॉडना गेमच्या कोडमधले पत्ते देणारा मॉड) टाक, आणि डीएलएलवाला प्रत्येक मॉड नेक्सस या मॉडच्या साइटवर जाऊन त्या व्हर्जनसाठी आहे का तपास. एखाद्या आवडत्या मॉडचा लेखक काम सोडून गेला असेल आणि अपडेट येणारच नसेल तर गेमच मागच्या व्हर्जनला न्यायचा, त्याचे पॅचर नेक्ससवर मिळतात. पण मागं गेलास तर एक लक्षात ठेव, 1.6.1130 नंतर बनलेल्या काही ईएसएल प्लगइनचा (मॉडच्या हलक्या डेटा फाइलचा) हेडर, म्हणजे सुरुवातीचा व्हर्जन आकडा, 1.71 असतो, जुन्या गेमला तो पचत नाही, त्यासाठी बीईईएस नावाचा छोटा मॉड घालावा लागतो.

आणि हे परत होऊ नये म्हणून स्टीममध्ये अपडेटचं सेटिंग ‘गेम लाँच केल्यावरच अपडेट’ असं कर आणि गेम कायम एसकेएसई लोडरनेच उघड, स्टीमच्या हिरव्या प्ले बटणाला हातच लावू नकोस.

सर, आमच्याकडे जांबोटी साइडला पावसात करंट कधी जाईल सांगता येत नाही. खेळतानाच करंट गेला, आता शेवटचा सेव्ह लोड केला की गेम बंद होतो, त्याच्या आधीचा चालतो. मधे मी दोन मॉड काढलेले पण आहेत. सेव्ह वाचेल काय वो? (खानापूर तालुका)

ताई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र करू नका. करंट गेला तेव्हा गेम नेमका सेव्ह लिहीत असेल तर ती फाइल अर्धवट राहिली, ती गेली असंच समजा. आधीचा चालतोय ना, तिथूनच पुढं चला. सेव्हच्या फोल्डरात बघा, प्रत्येक सेव्हच्या दोन फाइल असतात, एक ईएसएस आणि त्याच नावाची दुसरी एसकेएसई. बॅकअप घेताना दोन्ही घ्यायच्या. बरेच जण पहिलीच उचलतात आणि मग मॉडची सेटिंगं गेली म्हणून रडतात.

मॉड काढल्याचं मात्र मला जास्त टेन्शन आहे. स्क्रिप्ट (गेमला काय करायचं ते सांगणारा कोड) असलेला मॉड एकदा सेव्हमध्ये शिरला की त्याच्या स्क्रिप्ट सेव्हमध्येच भाजल्यासारख्या बसतात, मॉड काढला तरी त्या तिथंच, फक्त त्यांना बोलावणारी फाइल गायब. आज चालेल, उद्या चालेल, आणि वीस तास खेळून झाल्यावर अचानक एखाद्या गावात शिरताना गेम बसेल. रीसेव्हर नावाच्या टूलनं असल्या अनाथ स्क्रिप्ट साफ करता येतात, पण तो उपाय अगदी अडल्यावर करायचा, आणि तोपण सेव्हच्या कॉपीवर. खरा रस्ता म्हणजे ते दोन मॉड परत घाला आणि हा कॅरॅक्टर संपेपर्यंत राहू द्या. टेक्स्चर (वस्तूवरचं चित्र) किंवा मेशचे (वस्तूचा आकार) मॉड काढायला हरकत नाही, त्यांच्यात स्क्रिप्ट नसतात.

ऑटोसेव्ह बंद करा, मेन्यूत जाऊन हातानं नवीन सेव्ह करत चला, आणि जमलं तर एक साधा यूपीएस घ्या. पाचच मिनिटं दिली तरी सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरती बास आहेत.

स्कायरिममधल्या व्हाइटरन गावाच्या बाहेर फिरताना गेम बंद पडतो, कधी दहा मिनिटांत, कधी तासाभरानं. लूट (मॉडचा क्रम लावणारं टूल) चालवून झालं, तरी तेच. मॉड 400 च्या वर आहेत. आता एकेक मॉड बंद करून बघत बसू काय? (टिळकवाडी)

नको नको, 400 मॉड एकेक करून बघायचे म्हणजे दिवाळी येईल. आणि लूट फक्त क्रम लावतं, क्रॅश का होतोय ते ते सांगत नाही, हा गैरसमज फार पसरलाय.

क्रॅश लॉगर मॉड घाला. पुढच्या क्रॅशला डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, स्कायरिम स्पेशल एडिशन, त्यात एसकेएसई फोल्डरात टेक्स्ट फाइल येईल. उघडली की पहिल्यांदा घाबरायला होतं, नुसते आकडे, पण सगळं वाचायचं नाहीच. वरच्या ओळीत ‘ॲक्सेस व्हायोलेशन’ असं असतं, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, जवळजवळ प्रत्येक क्रॅशला तेच येतं. त्याच ओळीत पुढं कुठल्या फाइलमध्ये पडला ते असतं. तिथं एखाद्या मॉडचा डीएलएल दिसला तर सरळ त्याला पकडा. पण बहुतेक वेळा तिथं स्कायरिमएसई डॉट ईएक्सईच असतो, मग खाली रजिस्टर्स आणि स्टॅक या दोन भागांत या. तिथं नजर फिरवत जायचं आणि ओळखीचं काही दिसतंय का बघायचं, म्हणजे एनआयएफनं संपणारी फाइल (मेश), डीडीएसनं संपणारी फाइल (टेक्स्चर), एखाद्या ईएसपीचं (प्लगइनचं) नाव, एखाद्या पात्राचं नाव.

एकाच लॉगवरून फाशी द्यायची नाही. नाव दिसलं म्हणजे तोच गुन्हेगार असं नसतं, तो त्या वेळी तिथं हजर होता एवढंच. तीन-चार क्रॅशचे लॉग शेजारी शेजारी उघडा आणि प्रत्येकात कोण आहे ते बघा. समजा प्रत्येक लॉगमध्ये एकाच झाडाची एनआयएफ आली. मग मॉड ऑर्गनायझर या मॉड सांभाळायच्या टूलच्या डेटा टॅबमध्ये ती फाइल कुठला मॉड देतोय ते शोधा. पुष्कळदा निघतं असं की तो मॉड 2011 च्या जुन्या 32 बिट स्कायरिमचा, कुणीतरी न बदलता तसाच उचलून घातलेला. त्याची मेश कॅथेड्रल ॲसेट्स ऑप्टिमायझर या टूलमधून काढली की काम होतं. प्लगइनपण जुना, फॉर्म 43 (जुना फाइल फॉरमॅट) चा असेल तर गेमच्या क्रिएशन किट या एडिटरमध्ये उघडून परत सेव्ह करायचा, तो 44 होतो.

लॉगमध्ये काहीच जुळत नसेल तर अर्धे-अर्धे करा. मॉड ऑर्गनायझरमध्ये वेगळा प्रोफाइल बनवा, अर्धे मॉड बंद, क्रॅश आला तर चालू अर्ध्यात आहे, नाही आला तर बंद अर्ध्यात. 400 मॉडना अशा नऊ फेऱ्या पुरतात. मास्टर, म्हणजे दुसऱ्या प्लगइनना लागणारा मूळ प्लगइन, बंद झाला तर त्याच्यावरचे पण बंद करा, नाहीतर मेन्यूच्या आधीच उडेल आणि तुम्ही भलत्याच दिशेला जाल. आणि हे खेळत्या सेव्हवर अजिबात करू नका, मेन मेन्यूतच कन्सोल (कमांड टाइप करायची जागा) उघडून सीओसी व्हाइटरनओरिजिन टाका, सरळ गावात उतराल.

क्रॅश होतोय पण लॉगच येत नाही असं असेल तर ते बहुतेक मेमरीचं असतं. 4के टेक्स्चर आणि 6 जीबीचं ग्राफिक्स कार्ड हे जमत नाही, 2के वर या. विंडोजची पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची फाइल) कुणीतरी ‘एसएसडी खराब होते’ म्हणून बंद करायला सांगितलेली असते, ती चालू करा, 20 जीबी तरी द्या.

नेमेसिस (स्कायरिमचे ॲनिमेशन मॉड जोडणारं टूल) चालवलं की एरर, आणि गेममध्ये सगळे हात पसरून उभे. माझ्या विंडोजचं युजरनेम देवनागरीत आहे, मित्र म्हणतोय त्यामुळंच. खरं हाय काय? (येळ्ळूर)

मित्र बरोबर बोलतोय. नेमेसिससारख्या टूलना फोल्डरच्या नावात इंग्रजी सोडून दुसरं अक्षर आलं की रस्ता सापडत नाही, मराठी असो की कन्नड. नाव मराठीत ठेवलंस त्यात तुझी चूक काहीच नाही, टूल बनवणाऱ्यांनी बघायला पाहिजे होतं. उपाय सोपा आहे, इंग्रजी अक्षरात नवीन अकाउंट बनव, एकदा लॉगिन कर म्हणजे फोल्डर तयार होईल, आणि मग सेटिंगमध्ये जाऊन दिसणारं नाव परत मराठी कर. फोल्डर इंग्रजीच राहतो. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर तोपण बाहेर काढ, डी ड्राइव्हवर ठेव.

चौघा मित्रांसाठी जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा फोर्ज (मॉड चालवणारा) सर्व्हर लावलाय. माझ्या पीसीवर तेच मॉड चालतात, सर्व्हरवर चालूच होईना, ‘क्लास फाइल व्हर्जन’ असलं कायतरी येतंय. (शहापूर, बेळगाव)

लाँचर स्वतःची जावा बरोबर आणतो म्हणून पीसीवर चालतं, सर्व्हरला मात्र लॅपटॉपवर जी पडलीय ती जावा मिळते. एररमधला आकडा बघ, 61 म्हणजे जावा 17 पाहिजे, 65 म्हणजे जावा 21. माइनक्राफ्ट 1.18 ते 1.20.4 ला 17, आणि 1.20.5 ते 1.21 च्या सगळ्या व्हर्जनना 21. ती घातल्यावर ‘इनव्हॅलिड डिस्ट डेडिकेटेड सर्व्हर’ असं आलं तर एखादा फक्त दिसण्यापुरता मॉड सर्व्हरमध्ये गेलाय, एररमध्ये नाव असेल, तो काढ. आणि 8 जीबीच्या लॅपटॉपवर जावाला 7 जीबी देऊ नकोस, विंडोजला पण जगू दे, 4 जीबीवर चालू कर.

आय-7 13700के आहे, सेकंडहँड घेतला. मॉडवाला गेम दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडतो, लॉगपण दर वेळी वेगळा. कधी निळा स्क्रीन येतो. मॉड सगळे काढले तरी होतंय, दुसऱ्या गेममध्ये ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ येतं, कार्ड तर 12 जीबीचं आहे. (चिकोडी)

मॉड काढूनही होतंय, हे तू स्वतःच लिहिलंस, तिथंच उत्तर आहे. इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीच्या या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळं चिप हळूहळू खराब होते, जुलै 2024 मध्ये कंपनीनं ते मान्य केलं. ऑगस्टमध्ये 0x129 आणि सप्टेंबरमध्ये 0x12B मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कोडची दुरुस्ती) आला, तो बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून मिळतो. मदरबोर्डच्या साइटवरून आजच टाक, पण करंट असताना आणि यूपीएस असेल तर त्याच्यावरच, बायोस लिहिताना करंट गेला तर बोर्ड बसेल.

खराब झालेली चिप मात्र अपडेटनं बरी होत नाही. त्यानंतर एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद करून, रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालवून बघ, रॅम स्वच्छ निघाली आणि क्रॅश तसाच राहिला तर प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागेल. बॉक्समधल्या चिपची वॉरंटी इंटेलनं दोन वर्षांनी वाढवलीय, तेव्हा ज्याच्याकडून घेतलास त्याच्याकडून मूळ बिल मागून घे, फोटो तरी. मॉडलिस्टला तोपर्यंत हात लावू नकोस, ती बरोबर आहे.