अठरा पूर्ण होण्याआधी अनाथ प्रमाणपत्राच्या मागे लागा

ताई, सप्रेम नमस्कार.

भाऊ-वहिनी गेल्यापासून भाची तुमच्याकडे आहे. पालक नसलेल्या मुलांसाठीच्या बाल संगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये येतात, तेही कधी रखडून. येत्या फेब्रुवारीत तिला अठरा पूर्ण होतील, आणि बारावीची परीक्षाही तेव्हाच. शास्त्र शाखेत चांगले गुण असूनही ‘आत्यावर किती भार टाकू’ म्हणून ती दोन वर्षांच्या एएनएमला (सहायक परिचारिकेच्या कोर्सला) जायचं म्हणते. पैसे बंद झाल्यावर पुढे कसं, हा तुमचा प्रश्न.

संगोपनाचे पैसे अठराव्या वर्षी थांबतात, हे खरं. अठरानंतर अनुरक्षणासाठी, म्हणजे मूल स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४,००० रुपये देता येतात, पण ती सोय मुख्यतः बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जरूर विचारा, पण त्यावर हिशेब बांधू नका.

तुमचा खरा आधार अनाथ प्रमाणपत्र आहे. ते फक्त बालगृहातल्या मुलांना मिळतं, असा समज मी वारंवार ऐकते. तसं नाही. आई-वडील दोघंही नाहीत आणि मूल नातेवाइकांकडे वाढलं, तर ‘संस्थाबाह्य’ म्हणून ते मिळतं. त्यावर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. शिवाय व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना शुल्कमाफी देणाऱ्या जुलै २०२४ च्या शासन निर्णयात अशी अनाथ मुलं-मुलीही आहेत.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे करायचा. आजच दोघांचे मृत्यूचे दाखले आणि भाचीचा शाळेचा दाखला शेजारी ठेवून नावं अक्षरन्‌अक्षर जुळवून पाहा. एका कागदावर ‘सुरेश’ आणि दुसऱ्यावर ‘सुरेशराव’, एवढ्यावर फाईल अडकते. फरक असेल तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या, प्रवेशाच्या घाईत ते होत नाही. बाल संगोपनासाठी बाल कल्याण समितीनं दिलेल्या आदेशाची प्रतही जपून ठेवा. आई-वडील नाहीत आणि मुलगी तुमच्याकडे वाढली, हे त्यात आधीच नोंदलेलं असतं.

आता कोर्सचं. तिनं बी.एस्सी. नर्सिंगचाच प्रयत्न करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चार वर्षं लागतात, पण पुढे एम.एस्सी., अध्यापन असे रस्ते मोकळे राहतात. नाहीच जमलं तर तीन वर्षांचं जीएनएम (नर्सिंगची पदविका) आहे, त्यानंतर पोस्ट बेसिक हा पुढचा कोर्स करून पदवी घेता येते. एएनएम हलकं मुळीच नाही, गावोगावची लसीकरणं त्याच ताया करतात. पण आवड म्हणून घ्यावं, पैशाच्या धास्तीनं नव्हे.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा, अर्ज चुकवू नका. आणि बेंगळुरूच्या कॉलेजात ‘थेट प्रवेश’ देतो म्हणणाऱ्या ज्या एजंटाबद्दल तुम्ही लिहिलंय, त्याला एक रुपयाही देऊ नका. आपल्या राज्याची शुल्कमाफी केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशालाच लागू आहे. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही, आणि तिकडे तर नाहीच.

राहिला भाराचा प्रश्न. भाचीला हे पत्र वाचायला द्या. बाळा, संगोपनाचे पैसे असोत की फीमाफी, सरकारनं ते तुझ्या नावानं ठेवलंय. आत्यानं तुझं नाव नर्सिंगच्या स्वप्नासकट मला कळवलं, ते भार वाटला म्हणून नाही.

कागद जमले की पुन्हा लिहा. अर्ज भरण्याआधी एकदा मी नजर टाकीन.