ट्रायलचे पीस ओके आले म्हणून सही करू नकोस

पहिले पीस ओके आले की लगेच 'प्रोसेस तयार' असं लिहू नकोस. आधी विचार, काढले कोणी? टूलरूममधला मुरलेला माणूस मशीनपाशी उभा असेल तर परीक्षा त्याची झाली, प्रोसेसची नाही. पीपॅपचा (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याच्या प्रक्रियेचा) रन नेहमीच्या ऑपरेटरकडून, उत्पादनाच्याच टूलिंगवर, ठरलेल्या सायकल टाइमला घे. ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर किमान सलग 300 पीस.

सीपीके, म्हणजे प्रोसेस टॉलरन्समध्ये किती नीट बसते ते सांगणारा निर्देशांक, काढण्याआधी गेज (मोजायचं साधन) तपास. गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्यामुळेच येणारा फरक, 10 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. 30 च्या वर गेला तर पुढचे सगळे आकडे फुकट. सुरुवातीच्या अभ्यासात निर्देशांक 1.67 च्या वर हवा, 1.33 च्या खाली असेल तर थांबच. कंट्रोल चार्टवर प्रोसेस स्थिर दिसत नसेल तर निर्देशांक काढूही नकोस. एक्सेल काय, आकडा देतंच!

माझा खरा भर मात्र बदलांवर असतो. इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) बदलल्यावरचे, शिफ्ट बदलल्यावरचे, जेवणाच्या सुट्टीत थंड झालेल्या मशीनवरचे पहिले पीस मोज. कच्च्या मालाचा दुसरा हीट लॉट (वेगळ्या वितळणीतला माल) मुद्दाम लाव. आणि कंट्रोल प्लॅनच्या रिअ‍ॅक्शन प्लॅनमध्ये (गडबड झाली तर काय करायचं, त्या रकान्यात) नुसतं 'सुपरवायझरला कळवा' लिहिलं असेल, तर रात्रपाळीला कोणाला, हे विचार. उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच ठेव.