पोरगं रोज सकाळी म्हणतं, पोटात दुखतंय

चोपडा तालुक्यातल्या एका गावाहून आईचं पत्र आलं आहे. "मुलगा पाचवीत, एस.टी.ने तालुक्याच्या शाळेत जातो. पंधरा दिवसांपूर्वी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ नववीतली दोन पोरं भिडली. एकाचं डोकं पट्ट्याच्या बक्कलने फुटलं. माझा मुलगा तिथेच उभा होता. तेव्हापासून सकाळी पोट दुखतं, रात्री आजीला चिकटून झोपतो. परवा आजीला म्हणाला, 'त्या दादाने सांगितलंय, सरांना नाव सांगशील तर तुझाबी नंबर लावीन.' हे ऐकून त्याचे वडील शाळेच्या गेटवर त्या पोराला गाठायचं म्हणतात. सासूबाई म्हणतात, विषयच काढू नका, विसरेल. मी काय करू?"

ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. खोदून खोदून विचारलं की पोरं मिटतात. पण घरात कोणी काही बोललंच नाही, तर त्याला वाटतं की ही गोष्ट मोठ्यांनासुद्धा पेलत नाही. आणि विषय तर त्यानेच काढला आहे, तोही आजीजवळ. शाळेत "काही नाही सर" म्हणणारं पोर घरी "माले भ्याव वाटस" (मला भीती वाटते) म्हणून जातं. म्हणून हे काम सासूबाईंकडेच द्या, आणि अहिराणीतच होऊ द्या.

संध्याकाळी शेंगा फोडताना, हाताला काम असताना, समोर न बसता शेजारी बसून बोलायचं. झोपायच्या तोंडावर नको, तेच डोक्यात घोळत राहतं. सकाळी दप्तर भरताना तर नकोच. दहा मिनिटं पुष्कळ झाली. "तू कुठे उभा होता? मग काय झालं?" इतपत विचारा. "पळाला का नाही?" हे चुकूनही नको. बघणाऱ्या पोरांना बहुतेकदा हेच सलत असतं की आपण काहीच केलं नाही. त्याला सरळ सांगा: नववीतल्या पोरांची भांडणं सोडवणं पाचवीतल्या मुलाचं काम नाही, सरांना हाक मारली तरी खूप झालं. मध्येच गप्प झाला तर राहू द्या, दोन दिवसांनी पुन्हा बसा. चुलतभावाबरोबर तीच मारामारी खेळायला लागला तर रागावू नका, लहान मुलं असंच मनातलं बाहेर काढतात. फक्त "मग मदतीला कोण आलं?" एवढं विचारा. मारामारीचा व्हिडिओ कोणाच्या मोबाइलवर फिरत असेल, तर तो मात्र त्याला पुन्हा दिसू देऊ नका.

दोन वचनं देऊ नका: "कोणालाच सांगणार नाही" आणि "आता काहीच होणार नाही". पहिलं तुम्हाला आठवड्याच्या आत मोडावं लागेल, दुसरं तुमच्या हातात नाही. त्यापेक्षा म्हणा, "मी सरांना भेटणार आहे, पण आधी तुला सांगून."

पोटाचं एकदा डॉक्टरांना दाखवा. मग कॅलेंडरवर खूण करत जा. रविवारी दुखत नसेल आणि सोमवारी दुखत असेल, तर कारण बहुधा भीती आहे. तरीही दुखणं खरंच असतं, त्याला नाटक म्हणू नका. मात्र त्यासाठी घरी ठेवलं की दुखणं लगेच थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड होते. म्हणून शाळा तोडू नका, थोडी थोडी वाढवा. त्याची भीती मधल्या सुट्टीची आहे, तेव्हा पहिले दोन दिवस मधली सुट्टी होण्याआधीच घरी आणा. पुढे सुट्टीत तो कोणत्या शिक्षकांजवळ थांबेल हे वर्गशिक्षकांशी ठरवून घ्या. घरून पाण्याच्या दोन बाटल्या भरून द्या, म्हणजे टाकीकडे जायचं कामच उरत नाही.

त्याच्या वडिलांना गेटवर एकटं जाऊ देऊ नका. मोठ्या माणसाने अल्पवयीन पोरावर हात टाकला की गुन्हा तुमच्याच घरावर येतो, आणि तुमचं पोर त्या दादाच्या आणखी नजरेत भरतं. त्यांना दुसरं काम द्या: पहिला आठवडा त्याला स्टँडपासून वर्गापर्यंत पोचवायचं, आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यायचा. अर्जात तारीख, जागा आणि धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा. मागण्या नेमक्या ठेवा: मधल्या सुट्टीत टाकीजवळ एक शिक्षक, मुलाचं नाव गुप्त, आणि त्याला त्या दादाच्या समोरासमोर उभं करायचं नाही. ही शेवटची मागणी जरूर घाला, कारण "दोघांना बोलावून मिटवून टाकू" ही शाळांची जुनी सवय आहे आणि त्यात लहान पोर सगळ्यांसमोर खोटं बोलून सुटका करून घेतं. अर्जाच्या दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आठ दिवसांत हालचाल दिसली नाही तर शिक्षण विभागाकडे जा. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन फुकट आहे, दिवसरात्र चालू असते. धमकी पुन्हा आली तर थांबू नका, लगेच फोन करा.

झोप, पोट, चिकटणं हे पहिल्या काही आठवड्यांत चालायचंच. महिन्यानंतरही कमी होत नसेल, अंथरूण ओलं व्हायला लागलं, किंवा शाळेचं नाव काढताच थरथरत असेल, तर जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. त्याआधी घरबसल्या बोलायचं असेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. "मरून जावं वाटतं" असं काही बोलला किंवा जेवणच सोडलं, तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या. जाताना ते खुणा केलेलं कॅलेंडर सोबत घ्या. डॉक्टर पहिलं हेच विचारतील की कधीपासून आणि कोणत्या दिवशी.